पगारे सिस्टरांचा रकाना

पगारे सिस्टरांना टक्के चालत नसत. अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर नातेवाईक ताटकळत उभे असायचे, आणि डॉक्टर बाहेर आला की पहिला प्रश्न ठरलेला. "साहेब, किती टक्के?" जगायचे किती, हात हलायचे किती, बोलायचे किती. नाशिकला वीस-बावीस वर्षं मी हेच काम करतोय, पॅरालिसिस झालेली आणि डोक्याला मार लागलेली माणसं बघायचं, आणि या प्रश्नाला किती वेळा उत्तर दिलं असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. सिस्टरांच्या कानावर तो पडला की त्या दारातूनच म्हणायच्या, "टक्के शाळेत. इथं दिवस मोजायचे. मला तीन दिवस द्या, मग बोलू."

नातेवाइकांना हे आवडायचं नाही. मलाही आवडायचं नाही, पण कारण वेगळं होतं.

हे लिहायला बसलो त्यामागे एक गोष्ट आहे. एका रुग्णाच्या बाबतीत मी दोनदा खोटं बोललो. एकदा त्याच्या माणसांशी आणि एकदा पगारे सिस्टरांशी. पहिलं खोटं दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं. दुसरं होतं. तरी त्याला मी नऊ वर्षं घेतली.

सिस्टर सिन्नरच्या. रोज सकाळी एसटीने यायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. ठेंगण्या, अंगाने रुंद, चष्म्याची एक काडी वॉर्डातल्याच पांढऱ्या चिकटपट्टीने कायमची बांधलेली. नवा चष्मा का करत नाही असं विचारलं तर म्हणायच्या, "दिसतंय तोवर दिसू द्या." बोलणं एरवी अगदी पुस्तकी. नर्सिंगच्या शाळेत घोटून घेतलं होतं म्हणे. पण संतापल्या की सिन्नर वर यायचं. "सर, हे लय झालं आता," असं त्या म्हणाल्या की आम्ही डॉक्टर मंडळी मोबाइल काढून त्यात डोकं घालायचो.

त्यांच्या खिशात एक स्टीलचा चमचा असे. रोज सकाळी उकळून, जाळीच्या कापडात गुंडाळून ठेवलेला. रुग्ण शुद्धीत आला, तोंडाने खाण्यापिण्याची गोष्ट निघाली, की आधी हा चमचा बाहेर येई. आमच्या विभागात माणूस मेंदूने मरतो असं बाहेरच्यांना वाटतं. पुष्कळदा तो छातीने मरतो. पॅरालिसिसमध्ये किंवा डोक्याच्या मारात गिळायची ताकद जाते. चहा, पाणी, घास पोटात जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरतो, दोन-चार दिवसांत ताप येतो, आणि मेंदू सुधारायला लागलेला असताना माणूस न्यूमोनियाने जातो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, मी ते शिकवतोही. पण ते कानाने ओळखायला मला त्या चमच्याने शिकवलं.

वणीकडचे एक बागायतदार म्हातारे आले होते. उजवी बाजू गेलेली. तिसऱ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा शिऱ्याचा डबा घेऊन थेट खाटेपाशी आला.

"तीन दिवस झाले, आमच्या बापाला उपाशी ठेवलंय तुम्ही."

"नळीतून जातंय त्यांच्या पोटात," सिस्टर म्हणाल्या.

"नळीतून काय जेवण असतं का बाई?"

"बाई घरी. इथं सिस्टर. या इकडे, वाका. कान लावा त्यांच्या तोंडाशी." मुलगा गोंधळून वाकला. "बाबा, गाव कुठलं तुमचं?"

"वणी," म्हातारे कसेबसे म्हणाले.

सिस्टरांनी चमचाभर पाणी त्यांच्या जिभेवर सोडलं, गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवली, थांबल्या. "परत सांगा."

"वणी." या वेळी तो शब्द रांजणाच्या तळातून आल्यासारखा आला, घरघरत.

"ऐकलं का? आवाज ओला झाला. पाणी नरड्यात बसलंय, छातीत उतरायची वाट बघतंय. त्याच्यावर तुमचा शिरा टाकायचा का? टाका. मी फक्त तुमची सही घेते."

मुलाने डबा बंद केला. पुढे आठवड्याभराने आवाज कोरडा आला, तेव्हा सिस्टरांनी त्याच मुलाला फोन करून शिरा मागवला आणि पहिला घास स्वतः भरवला. म्हाताऱ्यांनी तो सावकाश गिळला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "साखर कमी हे."

ओला आवाज, कोरडा आवाज. हे शब्द आमच्या विभागात इतके रुळले की नवे शिकाऊ डॉक्टर केसपेपरवर तसंच लिहायला लागले होते. मी ते खोडून इंग्रजी लिहायला लावायचो.

दुसरी त्यांची पद्धत जरा विचित्र होती. बेशुद्ध रुग्ण आला की आम्ही छातीच्या हाडावर मूठ दाबून, नखावर पेन दाबून तो कितपत जागा आहे ते बघतो. डोळे उघडले तर इतके गुण, हात झटकला तर इतके. सिस्टर तेही करू द्यायच्या, आणि मग बाहेर जाऊन घरच्यांना एकच विचारायच्या: "हे घरी कशावर रागवतात?"

लोक चमकायचे. आजाऱ्याच्या रागाबद्दल कोणी कधी विचारत नाही. पण उत्तर सगळ्यांकडे असायचं, आणि बहुतेकदा बायकोकडे. इगतपुरीचे एक निवृत्त रेल्वेवाले होते, मोठा रक्तस्राव झालेला. मी छाती दाबून दाबून लाल केली, काही नाही. त्यांच्या बायकोने सिस्टरांना सांगितलं, "नोकरीत असताना गाडीला उशीर झाला आणि कोणी यांचं नाव घेतलं की जेवायचे नाहीत." सिस्टर त्यांच्या कानाशी वाकल्या आणि बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाल्या, "काका, इगतपुरीला गाडी लेट झाली. तुमच्यामुळं झाली म्हणतात."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. भुवया जवळ आल्या. डाव्या हाताचा अंगठा उचलला गेला.

"हाय माणूस आत," सिस्टर म्हणाल्या. "राग परत आला ना सर, की बाकीचं मागून येतं."

ते काका अडीच-तीन महिन्यांनी काठी टेकत आले. पेढे वगैरे काही आणले नव्हते. "ती बाई कुठंय?" म्हणून विचारत विचारत वॉर्डापर्यंत पोचले आणि सिस्टरांना म्हणाले, "गाडी माझ्यामुळं एकदाही लेट झालेली नाही. ते जे काय कागदावर लिहिलंय ते दुरुस्त करा." सिस्टरांनी कोऱ्या कागदावर तसं लिहून त्यांच्यासमोर सही केली. काकांनी घडी घालून तो कागद खिशात ठेवला.

त्या चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. मोटरसायकलवरून पडलेली एक कॉलेजातली मुलगी होती. डोक्याचा मार हलका, मांडीचं हाड मोडलेलं. चौथ्या दिवशी ती हसत होती, मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर प्लॅस्टर दाखवत होती. सिस्टर तिच्या आईला म्हणाल्या, "उद्या जनरल वॉर्डात. आता हिची काळजी सोडा." दुसऱ्या दिवशी सकाळी पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती मुलगी दहा मिनिटांत गेली.

अशा वेळी प्रत्येक जण काहीतरी म्हणतो. मी म्हणालो, "सिस्टर, हे कोणाला कळण्यासारखं नसतं." दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशात चमच्याशेजारी शिंप्याचा टेप आला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, खाटेवर पडून असलेल्या प्रत्येक माणसाच्या दोन्ही पोटऱ्या त्या रोज मोजायच्या आणि आकडे खाटेच्या कागदावर लाल-निळ्या पेन्सिलीने लिहायच्या. एक पोटरी फुगायला लागली की मला हाक. त्या टेपमुळे किती माणसं वाचली ते मोजलेलं नाही. त्या मुलीच्या आईला त्यांनी फोन केला होता आणि "मी चुकीचं सांगितलं होतं" असं म्हणाल्या होत्या, एवढं मला माहीत आहे. कारण तो फोन माझ्या टेबलावरून झाला होता. मी तेव्हा एक्स-रे बघत असल्याचं सोंग केलं.

चुकल्यावर माणूस काय करतो त्यावरून तो ओळखावा, असं मला आता वाटतं. माझ्या बाबतीत मी ते टाळत आलो.

तर माझं असं. त्या काळात मला तक्त्यांचं वेड लागलं होतं. वय किती, डोळ्यांच्या बाहुल्या कशा, स्कॅनमध्ये रक्त किती, हात कितपत हलतो, असे आकडे भरायचे, आणि तक्ता सांगतो रुग्णाचं पुढे काय होण्याचा संभव आहे. तक्ता वाईट नसतो. तो शंभर माणसांबद्दल बोलतो, समोरच्या एकाबद्दल बोलत नाही, आणि तसं तो प्रामाणिकपणे लिहूनही ठेवतो: इतक्यापासून इतक्यापर्यंत. आपल्याकडच्या रुग्णांवर तो किती बरोबर येतो हे तपासून डॉक्टरांच्या परिषदेत मांडायचं मी ठरवलं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे माझा अंदाज लिहायचा आणि सहा महिन्यांनी खरं काय झालं ते. घरी गेलेल्यांना फोन करायचं काम सिस्टरांनी आपणहून घेतलं. "मला ऐकायचंच असतं," म्हणाल्या. "आपल्याकडून जातात, मग पुढं काय होतं कोणाला माहीत?"

त्या वर्षी द्राक्षांच्या हंगामात पेठकडचा एक माणूस आला. बागेत मजुरीला आलेली टोळी होती, ट्रॉलीवरून तो डोक्यावर पडला होता. तिशी-पस्तिशीचा असेल. खाट बारा नंबर. मी इथे त्याला बारा नंबरच म्हणणार आहे. त्यालाही कारण आहे, ते पुढे येईल.

पाच दिवस झाले तरी बारा नंबर डोळे उघडत नव्हता. श्वास स्वतःचा होता, नाकातून अन्नाची नळी होती, उजवा हात लुळा, डावा अधूनमधून आखडायचा. सोबत बायको आणि तिचा भाऊ. बायको दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेली असायची, आत यायला लाजायची. सिस्टरांनी तिला त्यांचा प्रश्न विचारला. तिने खूप विचार केला.

"नाय रागवत तो," ती म्हणाली.

"असं कसं? नवरा हाय ना तुझा?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. भाऊ म्हणाला, "कोयत्याला हात लावला का रागवतो. त्याचा कोयता कोणला घेऊ देत नाय."

सिस्टरांनी आत जाऊन त्याच्या कानात सांगितलं, दादा, तुमचा कोयता नेला बरं का कोणी. मी तिथे नव्हतो. राउंडला आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, बाराने चादर धरली. आखडून नाही, धरली. मी ओढली तर सोडेना."

"रिफ्लेक्स असेल."

"रिफ्लेक्स मला कळतो सर. मला तीन दिवस द्या."

मी मान हलवली. मान हलवण्याने काहीच ठरत नाही, म्हणून माझ्यासारखे लोक ती हलवतात.

दुपारी ओपीडीला जाताना दारात त्या भावाने मला अडवलं. "सायेब, किती टक्के?"

आता हे मी सरळ सांगतो. तक्त्याने त्याच्यासाठी जो आकडा दिला होता तो एक नव्हता, लांबरुंद पट्टा होता, आणि त्याचं वरचं टोक बरंच वर होतं. पण मी दमलो होतो, खाली ओपीडीत माणसं खोळंबली होती, आणि या धंद्यातली एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. कमी आकडा सांगितला की डॉक्टर कधीच अडकत नाही. माणूस गेला तर डॉक्टर आधीच म्हणाले होते. वाचला तर डॉक्टर देवमाणूस. जास्त सांगून माणूस गेला, तर मात्र काचा फुटतात.

"पाच टक्के," मी म्हणालो.

पाच कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही. तक्त्यातून आले नव्हते.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. "हितंच गेला तर चिरफाड करत्याल?"

"अपघाताची केस आहे. पोस्टमार्टेम करावंच लागतं."

हे खरं होतं. पण पाच टक्क्यांच्या मागोमाग ते ऐकल्यावर त्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? आमच्याकडे डोंगरातली माणसं पेशंटला घेऊन जातात ती वैतागून नाही. माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत आणि अख्खा जावा म्हणून नेतात. तासाभरात जीप आली. मी ओपीडीतूनच सही केली. कागदावर लिहिलं होतं: नातेवाइकांच्या इच्छेने.

सिस्टर जीपपर्यंत गेल्या. नळीतून पातळ अन्न कसं सोडायचं, डोक्याखाली पोतं लावून उंच कसं ठेवायचं, हे त्यांनी बायकोकडून दोनदा करून घेतलं. आणि तोंडाने काहीही द्यायचं नाही; द्यायचं झालंच तर आधी चमचाभर पाणी, मग त्याला बोलायला लावायचं, आवाज ऐकायचा. मी ओपीडीच्या खिडकीतून पाहिलं. बायको मान डोलावत होती. सिस्टरांनी खिशातला चमचा काढून तिच्या पिशवीत टाकला.

महिने गेले. फोनची यादी निघाली. बारा नंबरचा फोन लागेना. सिस्टरांनी चार-पाच दिवस लावून पाहिला आणि मग सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पेठच्या गाडीत बसल्या. पुढे जीप, पुढे पायी. मला त्या हे सांगून गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नोंदवही माझ्या टेबलावर होती. त्यांनी प्रत्येक पानावर, शेवटच्या रकान्यानंतर, पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना पाडला होता. वर लिहिलं होतं: कशाने. त्यात सगळ्यांचं भरलेलं होतं. न्यूमोनिया. पायातली गाठ. पाठीला जखम होऊन विष भिनलं. दुसरा झटका. घरी नेताना रस्त्यात. बारा नंबरच्या ओळीत, लाल पेन्सिलीने: "पेज. बोलायला लागला होता."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

त्या उभ्या राहूनच बोलल्या. घरी नेल्यावर चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. पाचव्या दिवशी डाव्या हाताने नाकातली नळी उपसून फेकली, रागाने. घरात आनंदीआनंद. नळी काढली म्हणजे याला भूक लागली, असं बायको समजली. तिने नागलीची पेज केली. चमच्याचं तिच्या लक्षात होतं, पण ती परीक्षा बेशुद्ध माणसाची असं तिला वाटलं. हा तर डोळे उघडून बघत होता, कोयता मागत होता. दोन दिवस तो पेज प्यायला. कोयता त्याच्या उशाशी ठेवला होता. मग ताप आला, छाती घरघरायला लागली. दवाखान्यात नेऊ असं शेजारी म्हणाले. भाऊ म्हणाला, डॉक्टरांनी पाचच टक्के सांगितलेत.

"तिने चमचा परत दिला," सिस्टर म्हणाल्या, आणि खिशावर हात ठेवला. "धुऊन."

त्यांनी मला दोष दिला नाही. दोष दिला असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. मी नुसतं "हं" म्हणालो.

परिषदेसाठी तक्ता टाइप करायचा होता. नावांच्या जागी अनुक्रमांक, माझा अंदाज, प्रत्यक्षात काय झालं. बारा नंबरच्या ओळीत अंदाज: मृत्यू. प्रत्यक्षात: मृत्यू. बरोबर. माझा आकडा खरा ठरला होता, कारण मी तो बोललो होतो. सिस्टरांचा रकाना शेजारी राहिला असता तर वाचणाऱ्या कोणालाही ते दिसलं असतं. त्या एकाच ओळीत नाही, अशा आणखी तीन-चार ओळींत दिसलं असतं. मी तो रकाना काढून टाकला. फार वेळ लागला नाही. माउसचं एक बटण दाबावं लागतं.

परिषद चांगली झाली. टाळ्या वाजल्या.

छापलेली प्रत मी वॉर्डात ठेवली होती. सिस्टरांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत पाहिली. "सर, माझा रकाना दिसला नाही."

"पानावर बसत नव्हता सिस्टर. जागेचा प्रश्न."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या आमच्याकडे आणखी तीन वर्षं होत्या. चमचा चालू होता, टेप चालू होता, पोटरी फुगली की हाकही यायची. पण मला त्यांनी कधी पुन्हा अंदाज सांगितला नाही. आधी राउंड संपताना त्या हळूच म्हणायच्या, "सातवर लक्ष ठेवा, चेहरा आवडला नाही," किंवा "नऊ जाईल घरी चालत." ते बंद झालं. मी एकदा विचारलं, "सिस्टर, पाचचं काय वाटतं?" म्हणाल्या, "तुमचा तक्ता काय म्हणतो?" टोमणा वाटेल असा आवाज नव्हता. म्हणून मला तो रात्रंदिवस ऐकू यायचा. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्यावर दहा मिनिटं बोललो. चमच्याचं सांगितलं, इगतपुरीच्या काकांचं सांगितलं. लोक हसले. त्या समोर बसून आपल्या पर्सचा बंद लावत आणि उघडत होत्या.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांची मुलगी संगीता त्यांना आमच्याकडे घेऊन आली. उजवी बाजू गेलेली, डोळे मिटलेले, तोंड वाकडं. मी आयुष्यभर हेच बघत आलोय, तरी डोळ्यांच्या बाहुल्या दोनदा तपासल्या. सगळं करायचं ते केलं. दाराबाहेर आलो. संगीता शिक्षिका आहे, शांत आहे. तीही म्हणाली, "डॉक्टर, किती टक्के?"

"मला तीन दिवस द्या," मी म्हणालो. "आणि एक सांगा, आई घरी कशावर रागवतात?"

"कशावर रागवत नाही ते विचारा," संगीता म्हणाली, आणि रडायला लागली.

मी आत गेलो. त्यांच्या कानाशी वाकलो. आजूबाजूला नव्या मुली होत्या, त्यांच्यातली एकही पगारे सिस्टरांना ओळखत नव्हती. मी म्हणालो, "सिस्टर, अकरा नंबरला नातेवाइकांनी तोंडाने पाणी पाजलं. कोणी बघितलंच नाही."

भुवया जवळ आल्या. डावा हात चादरीवरून सरकत सरकत जिथे खिसा असायला हवा तिथे गेला आणि चाचपडत राहिला.

मी त्यांच्यातल्या एका सिस्टरला म्हणालो, "आवाज कोरडा आल्याशिवाय यांना तोंडाने काही द्यायचं नाही." तिला कळलं नाही. मग मी तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. पोटऱ्या मीच मोजल्या, रोज. टेप विकत आणला.

त्या वाचल्या. उजवा हात आला नाही, पाय थोडा आला. शब्द डोक्यात शाबूत होते, पण जीभ जड. यंदा उन्हं तापायला लागली तेव्हा मी एका रविवारी सकाळी सिन्नरला गेलो. त्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर स्टूल, स्टुलावर कपबशी. चष्म्याची काडी अजून चिकटपट्टीनेच बांधलेली. संगीता त्यांना चमच्याने चहा पाजत होती. मला पाहून तिने चमचा आईच्या डाव्या हातात दिला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

मी बसल्या बसल्या सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर परत नऊ वर्षं गेली असती. म्हणालो, "सिस्टर, तुमचा रकाना जागेमुळे गेला नव्हता. पानावर भरपूर जागा होती. तो ठेवला असता तर माझा आकडा खोटा पडला असता, म्हणून मी काढला. आणि ते पाच टक्के तक्त्यातले नव्हते. मी मनाने सांगितले. मला खाली जायची घाई होती."

त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग यायला हवा होता. राग आला की माणूस परत आला, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि मी दोन्ही कारणांसाठी त्याची वाट बघत होतो. त्यांनी डाव्या हाताने चमचा कपात बुडवला, तोंडाशी नेला, चहा गिळला. थांबल्या. परत बुडवला.

त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी नवीन काहीच सांगितलं नव्हतं.

मग मला जे सांगायचं नव्हतं, तेही मी सांगितलं. म्हणालो, "सिस्टर, मी त्याच्याबद्दल लिहायला बसतो आणि बारा नंबर असंच लिहितो. त्याचं नाव मला आठवत नाही. वहीही सापडत नाही. काय नाव होतं त्याचं?"

तेव्हा भुवया जवळ आल्या. हळूहळू, पूर्ण. ओठाची चांगली बाजू घट्ट झाली. हातातला चमचा त्यांनी बशीत ठेवला, आवाज होईल असा. जीभ आत कुठेतरी जुळवाजुळव करत होती ते दिसत होतं. मी घाई केली नाही. आत संगीता चहा गाळत होती.

"लहानू," त्या म्हणाल्या.

तीन अक्षरं, सुटी सुटी. चहाचा घोट नुकताच गेला होता. सवयीने मी कान दिला होता. आवाज कोरडा होता.